सखूबाईची चुंबळ

रोहिणी घरत तेवीस वर्षांनी पनवेलला आली, ती स्वतःचंच चित्र दुरुस्त करायला. बाजारामागच्या भिंतीवर तिने ऐन बाविशीत मिठागरं रंगवली होती. मधोमध डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली बाई. पुढे लग्न होऊन ती बडोद्याला गेली, कॉलेजात चित्रकला शिकवू लागली. वर्गात या भिंतीबद्दल इतक्या तन्मयतेने सांगायची, की मुलांना वाटावं, पनवेलकर सकाळी उठून आधी तिचंच दर्शन घेतात.

पनवेलकर तिथे स्कूटर लावत होते. खाडीचा निळा रंग पोपडे धरून गळला होता, म्हणून तर व्यापाऱ्यांनी तिला बोलावलं होतं. भिंतीला टेकून सखूबाई सुकी मासळी घेऊन बसली होती. रोहिणीची आई पूर्वी तिच्याकडूनच सुकट घ्यायची.

चार दिवसांचं काम धरून रोहिणीने परांची बांधून घेतली. मग सखूबाईजवळ बसून तिने हळूच गुपित सांगितलं, की तेव्हा न विचारता पाटीवाल्या बाईला चेहरा सखूबाईचाच दिला होता. म्हातारी हरखेल, अशी तिची खात्री.

"साऱ्या गावाला ठावं हाय ते," सखूबाई म्हणाली. "पन बाय, पाटीखाली चुंबळ कुटं हाय?"

पाटीखाली ठेवायची कापडाची वळी रोहिणी साफ विसरली होती. चित्रात एवढं बारीक कोण बघतं, असं काहीतरी ती पुटपुटली.

"तेवीस वर्सं माजी मान दुकतेय, आनी तू म्हनतेस कोन बगतं."

उरणची नणंद तर दर लग्नात विचारायची म्हणे, सखूला मीठ उचलायला कुणी शिकवलं नाही का.

रोहिणी त्या दिवशी जरा घुश्शातच परतली. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून म्हणाली, काकी, दाखवा. सखूबाईने जुन्या लुगड्याचा पिळा करून तिच्या डोक्यावर ठेवला, वर सुकटीची टोपली चढवली आणि भिंतीच्या टोकापर्यंत चालायला लावलं. दहाव्या पावलाला प्राध्यापकबाईंचे दोन्ही हात टोपलीवर. पण एक गोष्ट तिला लख्ख कळली. ओझ्याखाली मान अशी डौलात कलतच नाही. ताठ राहते. आणि तिच्या चित्रातल्या त्या कललेल्या मानेचंच तर तेव्हा तिला चित्रकला शिकवणाऱ्या सगळ्या सरांनी कौतुक केलं होतं.

ती परांचीवर चढली. मग तिने ती मान स्वतःच्या हाताने खरवडली, सरळ काढली आणि पाटीखाली चुंबळ रंगवली.

सखूबाई लांब उभी राहून बघत होती. "आता मी दिसते," एवढंच म्हणाली.

ही बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी मिठागरात राबलेल्या चार बायका आल्या. एकीला बांध वाकडा वाटला, दुसरीला मीठ ओढायचं फावडं उलटं धरलेलं दिसलं. रोहिणीने वही काढून सगळं लिहून घेतलं. चार दिवसांचे अकरा झाले. कॉलेजला तिने फोन करून सांगितलं, भिंतीला ओल आहे, रंग वाळत नाही.