काळ्या पेस्टचा रिकामा डबा

आमच्या वडिलांच्या अॅम्बेसेडरच्या इंजिनाविषयी माझा धाकटा भाऊ जळगावात जी हकिकत सांगत फिरतो, ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. खोटे बोलायला थोडे धैर्य लागते आणि ते त्याच्याकडे लहानपणापासून नाही. त्याची हकिकत अर्धी आहे, आणि कोणते अर्धे ठेवायचे हे त्याने विचारपूर्वक ठरवलेले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे, मी एका भल्या मिस्त्रीवर चोरीचा आळ घेतला, जुळलेले इंजिन पुन्हा उघडायला लावले, आणि माझ्या संशयापायी घटस्थापनेला निघायची गाडी दसऱ्यापर्यंत लोंबकळली. यातली एकेक गोष्ट घडली आहे. का घडली, तेवढे तो गाळतो.

वडिलांनी गाडी आम्हा दोघांना मिळून ठेवली. ती धुळ्यात माझ्या अंगणात उभी असते. भाऊ जळगावात राहतो आणि तिच्याविषयी मते पाठवतो. इंजिन धूर ओकू लागल्यावर त्याने शिरपूरच्या रस्त्यावरचा एक हॉटेलवाला शोधून काढला. त्या गृहस्थाला गाडी चालवायची नव्हती. हॉटेलसमोर चौथरा बांधून, तिला लाल रंग फासून, गिऱ्हाइकांनी तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढावेत अशी त्याची योजना होती. इंजिन नसले तरी चालेल, असे त्याने आपण होऊन सांगितले होते. वडिलांची गाडी चौथऱ्यावर! मी भावाशी आठवडाभर बोललो नाही. शेवटी त्याने एकच अट घातली: इंजिन नवे करून घ्या, पण हे शेवटचे. या खेपेला ते धूर न काढता चालले नाही, तर गाडी हॉटेलवाल्याची. मी ती मान्य केली.

मी नोकरीची सारी वर्षे साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत काढली आणि शेवटी तिचा प्रमुख होतो. कारखान्याचा हंगाम संपला की यंत्रे उघडायची, दुरुस्त करायची, जोडायची, आणि मग ती पुढच्या गाळपापर्यंत उभी राहायची. त्यामुळे जोडलेले यंत्र उभे राहिले की त्यातले तेल काय करते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. ते गळते. पातळ तेल भागांवरून ओघळून तळाशी जाते, आणि पहिल्या फेऱ्याला लोखंडावर कोरडे लोखंड घासते. म्हणून इंजिन जोडताना कोणत्या जागी कोणते वंगण लावायचे, हे ते इंजिन जोडल्यावर किती काळ गप्प बसणार आहे, यावर ठरते.

आमचे इंजिन गप्प बसणार होते. ते जुळेल तोवर पितृपंधरवडा तोंडावर येणार होता, आणि भावाने (तोही मला भाऊच म्हणतो) फोनवर निक्षून सांगितले, "भाऊ, पितृपक्षात नवं इंजिन सुरू करतं का कोणी? घटस्थापनेला करू." मी या गोष्टी मानत नाही. परंतु पुढे काही बिघडले असते तर त्याने पितरांचे नाव पुढे केले असते. ती सोय मला त्याला द्यायची नव्हती. मी होकार दिला.

मिस्त्री देवपुरातला, पांझरेच्या पलीकडचा. हात चांगला, पण आयुष्य शेतकऱ्यांच्या डिझेल पंपांवर गेलेले. पंपाचे इंजिन सकाळी जोडायचे आणि दुपारी सुरू करायचे, कारण शेतकरी दारात बसलेला असतो. तिथे सगळीकडे साधे इंजिन ऑइल चोपडले तरी भागते. त्याचे तेच चालले होते. "आबा," तो मला म्हणाला, "ऑइल ते ऑइल. लावलं का झालं."

मी त्याला समोर बसवून समजावले. ज्या दांड्याच्या उंचवट्यांनी झडपा उघडतात तो कॅमशाफ्ट, आणि त्यावर बसणारे टॅपेट, यांच्यावर सगळ्यात जास्त दाब. तिथे काळी चिकट पेस्ट, जी महिनाभर उभी राहिली तरी जागा सोडत नाही. आमचा कॅमशाफ्ट जुनाच घासून नीट केलेला होता. तो गेला तर दुसरा मिळणार नव्हता. बेअरिंगांना जाड तेल. पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर यांना मात्र साधे खनिज तेल, तेही बोटाने पुसटसे. त्याने मान हलवली. मान हलवणारी माणसे मला नेहमीच काळजीत टाकतात.

भाऊ त्या सुमारास जळगावाहून दोन वस्तू घेऊन आला: मी सांगितलेल्या काळ्या पेस्टचा डबा, आणि मी न सांगितलेला कसल्याशा सिंथेटिक तेलाचा चकचकीत कॅन. सोबत भ्रमणध्वनीवर एका दाढीवाल्या तरुणाचे व्हिडिओ.

"रेसच्या गाड्यांत घालतात हे," भाऊ म्हणाला.

"आपल्याला कुठली रेस जिंकायची आहे?"

"भाऊ, जमाना बदलला आहे."

"इंजिन बदललेलं नाही."

ते तेल फार निसरडे असते. नव्या रिंगांना सुरुवातीला सिलिंडरच्या भिंतीशी थोडे घासून आपली जागा करून घ्यावी लागते. त्या आधीच घसरू लागल्या तर जागा कधीच धरत नाहीत आणि इंजिन जन्मभर तेल खाते, धूर सोडते. धूर सोडणारे इंजिन म्हणजे चौथरा, हे भावाला ठाऊक होते. तेव्हा त्याने तो कॅन अज्ञानातून आणला की विचारातून, याचा मी आजही निर्णय केलेला नाही. पेस्टच्या डब्याचीही मी परीक्षा घेतली. झाकण उघडून चिमूटभर बोटांत चोळली, वास घेतला, पत्र्यावर फासून उन्हात ठेवली. ती ओघळली नाही. माल खरा होता, आणि डबा मोठा. एवढ्यात आणखी दोन इंजिने जुळली असती.

इंजिन माझ्या डोळ्यांसमोर जोडायचे, असे ठरले होते. नेमके त्याच वेळी मला चाळीसगावला एका जुन्या सहकाऱ्याच्या दहाव्याला जावे लागले. मी परतलो तेव्हा इंजिन मिस्त्रीच्या लोखंडी स्टँडवर पूर्ण जोडलेले होते, झाकणे बसली होती, बोल्ट आवळले होते. पंधरवडा लागण्याआधी काम उरकून टाकले, म्हणाला. मी पहिल्यांदा पेस्टचा डबा मागितला. त्याने तो आणून दिला. रिकामा! बोटाने निपटून काढल्यासारखा.

"उरलेली पेस्ट कुठे आहे?"

"उरलीच नाही, आबा."

"दोन इंजिनांची पेस्ट उरायला हवी."

"लागली."

"कुठे लागली?"

त्याचा चेहरा फिरला. "आबा, तुम्ही माले चोर म्हणतस का? बोटभर मलमाना चोर?" रागावला की तो शहरी भाषा सोडून अहिराणीवर येतो.

मी त्याला चोर म्हटले नव्हते, हे येथे स्पष्ट नोंदवतो. मी विचारले होते. परंतु मनात ते होते, आणि त्याहून वाईटही होते: की पेस्ट लावलीच नाही, ती कोणाच्या पंपात गेली, कॅमशाफ्ट साध्या तेलावर पंधरा दिवस कोरडा होत राहणार, आणि घटस्थापनेला पहिल्या फेऱ्यातच खाल्ला जाणार. आणि यात भावाचा किती हात होता? मी त्याला बोलावून घेतले. तो संध्याकाळच्या आत आला. इतक्या लवकर आला की त्याचाही मला संशय आला.

"उघडायचं नाही," भाऊ म्हणाला. "पितृपक्षात नवं काम करत नाहीत."

"उघडणं हे नवं काम नाही."

"आणि परत जोडणं?"

"जे एकदा जोडलं आहे ते परत जोडणं जुनंच."

"भाऊ, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"मग तू आतापर्यंत खटला हरला असतास."

मिस्त्री पाने घेऊन बाजूला उभा होता. तो म्हणाला, "उघडा. बठ्ठं उघडा. माले काय!" बठ्ठं म्हणजे सगळे.

प्रथम इंजिनाच्या बाजूची पत्र्याची झाकणे काढली. तेथून टॅपेट आणि कॅमशाफ्ट दिसतात. ते काळेभोर होते. पेस्ट जागच्या जागी, जाड, जराही न ओघळलेली. भावाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या हकिकतीत हा क्षण फार रंगतो. तो येथेच थांबतो, आणि श्रोते हसतात.

मी थांबलो नाही. एका कॅमशाफ्टला एवढा मोठा डबा लागत नाही. मी स्पार्क प्लग काढायला सांगितले आणि बॅटरीचा झोत आत टाकला. सिलिंडरची भिंत काळी होती. वरचे हेड उतरवले. चारही सिलिंडर वरपासून खालपर्यंत काळे सारवलेले. पिस्टन बाहेर ओढले तर रिंगांच्या खाचा पेस्टने गच्च भरलेल्या. बोल्टांच्या आट्यांतही तीच. जिथे फक्त पुसटसे तेल हवे, तिथे हाताने थापलेली पेस्ट.

"हे काय?" मी विचारले.

मिस्त्री पहिल्यांदा खाली पाहत बोलला. "तुम्ही म्हणालात, इंजिन पंधरा दिवस बसी रहाणार. म्हटलं, आबाना जीव अडकेल शे यामा. बठ्ठीकडे लावं. काही ठाव सोडं नही."

म्हणजे मी त्याला उभे राहणाऱ्या यंत्राची भीती घातली होती, आणि ती त्याने सगळीकडे सारखी वाटून टाकली. असे इंजिन घटस्थापनेला सुरू केले असते तर ते गोड आवाजात चालले असते, आणि मागून निळा धूर सोडत राहिले असते. रिंगांनी जागा धरलीच नसती. पंधरा दिवसांनी शिरपूरच्या रस्त्यावर चौथऱ्याचा पाया खणला गेला असता. मी उघडायला लावले म्हणून ते कळले. भाऊ म्हणतो, तुम्ही चोरी शोधायला उघडलेत आणि मिळाली माया. त्याला हे वाक्य फार आवडते. मी म्हणतो, काही मिळो. झाकण उघडले नसते तर दोन्हींपैकी काहीच कळले नसते.

सिलिंडर रॉकेलने धुतले. पांढऱ्या फडक्याने पुसत राहिलो, फडके पांढरेच निघेपर्यंत. हे काम मी कोणाला करू दिले नाही. कॅमशाफ्टवरची पेस्ट तशीच ठेवली, कारण ती बरोबर होती, आणि हे मी मिस्त्रीला सांगितलेही. हेड उतरवताना त्याखालची गॅस्केटची पट्टी फाटली होती. नवी जळगावाहून येण्यातच घटस्थापना निघून गेली. भावाने ती आणली, पण सिंथेटिकचा कॅन पुन्हा माझ्या समोर आणला नाही.

दसऱ्याला इंजिन गाडीत बसलेले होते. साधे खनिज तेल भरले. प्लग काढून ठेवून स्टार्टर फिरवत राहिलो, तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत. मग प्लग लावले. भावाच्या हातात नारळ होता, बॉनेटवर झेंडूचा हार. इंजिन पहिल्याच झटक्याला लागले. नवे टॅपेट असले की त्याला लगेच मंद होऊ द्यायचे नसते. थोड्या जास्त वेगावर चालत ठेवावे लागते, तरच कॅमवर तेल पुरेसे उडते.

"भाऊ, हळू करा, नारळ फोडतो," भाऊ ओरडला.

"नारळ नंतर!"

"आरती तरी..."

"बाजूला हो!"

मिस्त्री अंगणाच्या फाटकाशी उभा राहून धुराकडे पाहत होता. सुरुवातीला थोडा पांढरा आला, मग विरळ झाला, मग नळीतून नुसती गरम हवा. त्याने टोपी नीट केली आणि मला काही न सांगता निघून गेला. नंतर मी माणूस पाठवला. दुसरा मिस्त्री पाहा, असा निरोप आला. ही गोष्ट भाऊ सांगतो तशी दुःखाची नाही. त्याला अभिमान होता आणि मलाही आहे. दोन अभिमानी माणसांनी एका इंजिनावर फार काळ काम करू नये.

इंजिन गरम असतानाच मी पहिले तेल काढून घेतले. भाऊ म्हणाला, एवढे महाग तेल, आताच भरलेले. मी ते पांढऱ्या परातीत उन्हात धरले आणि त्यातून चुंबक फिरवला. कॅम खाल्ला असेल तर येथे लोखंडाची चमक दिसते. भाऊही माझ्या शेजारी उकिडवा बसला. आम्ही दोघे बराच वेळ त्या काळ्या तेलात पाहत होतो. पेस्टचा काळेपणा होता, चमक नव्हती.

भावाने उठून खिशातून भ्रमणध्वनी काढला आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बोलला. "नाही शेठ. चालते आहे. नाही, धूर नाही. दुसरी गाडी बघा." तो परत आला.

हे तो फार सहज बोलला. मी हात पुढे केला.

"काय?"

"दाखव कोणाला लावला होतास."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग हसत भ्रमणध्वनी माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. वर हॉटेलवाल्याचेच नाव होते. मी भ्रमणध्वनी परत केला, आणि परात घेऊन नवे तेल भरायला वळलो.