खालची कडी

एका जळक्या दारावर मी एकदा खोटी गोष्ट रचली आणि घर बघायला आलेल्या बायकांना चहाबरोबर वाटली. मूर्खपणा माणूस एरवी गुपचूप करतं. मी तो बशीत घालून फिरवला.

तेव्हा मी तिशीतली, एका लहान लेकीची आई, शाळेत शिकवणारी, अन् स्वतःला लई हुशार समजणारी. चिकलठाण्याला कारखाने वाढत होते, नवऱ्याला तिथंच नोकरी लागली आणि आम्ही जवळच छोटं घर बांधायला काढलं. सिमेंट परमिटवर मिळायचं. म्हणून ठरवलं, जमेल तितकं जुनंच वापरायचं. आज नात त्याला ‘पर्यावरणपूरक’ म्हणते. गावी राहणाऱ्या सासूबाई ‘भिकेचे डोहाळे’ म्हणायच्या. पाडलेल्या घरांच्या विटा मी खरवडून घेतल्या, मशिनींच्या खोक्यांच्या फळ्यांची मांडणी केली, शहाबादीचे तुकडे जुळवून न्हाणीघर केलं. कुठं काय मिळतं हे साऱ्या गल्लीनं मला विचारावं आणि मी पदर खोचून सांगावं, असा तोरा!

जुन्या लाकडाच्या बाजारात ते दार दिसलं. अस्सल सागवान, एक कड जळून काळी. आणि कड्या दोन. एक नेहमीच्या जागी, दुसरी माझ्या कमरेच्याही खाली.

“कुठलं हो हे, चाचा?”

“पूछो मत, बाई. लकडी देखो.”

मी लाकूड पाहिलं. नामांतराच्या दंग्यात खेड्यापाड्यांत कुणाची घरं जळाली, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पेपर घरी येत होता. पण दार हातचं जाईल या भीतीनं तोंडाला कुलूप लागलं.

सुतारानं जळकी कड तासली, तरी काळी रेघ राहिलीच. खालची कडी मला वेडीविद्री वाटली. ती काढून खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि भोकं भुसा-सरसानं बुजवली.

मग शाळेतल्या बायकांना घर दाखवायला बोलावलं. त्यांत शेजारच्या वर्गावरच्या बाईही होत्या. आम्ही रोज डबा एकत्र खायचो. गाव सोडून त्या शहरात का आल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. न विचारण्यात मी पटाईतच.

कुणीतरी काळ्या रेघेवर बोट ठेवलं, आणि मला चेव आला. “असंल एखादी वेंधळी! चुलीवर दूध ठेवून गेली असंल गप्पा हाणायला. आणि माणसं बुटकी बरं का! कडी बघा, इथं खाली होती.”

सगळ्या खदाखदा हसल्या. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी तेवढा कप खाली ठेवला. दारापाशी जाऊन बुजवलेल्या भोकांवर अंगठा फिरवला.

“हे आमचं दार आहे.”

यावर माझ्यासारख्या शहाणीनं काय म्हणावं? “नक्की का हो?”

“हे तिसरं भोक वडलांचं चुकलेलं. ते अन् आई रोजानं जायचे. धाकटीचा हात वरच्या कडीला पुरत नव्हता, म्हणून त्यांनी ही खाली बसवली. आम्ही दोघी आतून लावून बसायचो.” भोकावरचा अंगठा काढून म्हणाल्या, “त्या दिवशी चूल पेटलेली नव्हती, बाई. आम्ही ज्वारीत लपलो होतो.”

चहा तसाच राहिला. एकेक करून सगळ्या उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या डबा वर्गातच खाऊ लागल्या. शेवटी कडी डब्यातून शोधून रुमालात गुंडाळली, लेकीचं बोट धरलं आणि त्यांच्या खोलीवर गेले. माफी पाठ करून गेले होते. दारात उभी राहिले तर अर्धी विसरले. “दार उद्याच काढून पाठवते,” एवढंच जमलं.

त्यांनी रुमाल उलगडला. कडी हातात घेतली. मग माझ्या लेकीला विचारलं, “शाळा सुटल्यावर घरात कोण असतं गं?”

“कोणीच नाही. कडी पुरत नाही ना, म्हणून मी दाराला पाटा लावून बसते.”

मला हे ठाऊकच नव्हतं.

त्यांनी कडी परत माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, “दार घेऊन मी कुठं लावू, बाई? माझी भाड्याची खोली. ही कडी न्या, अन् होती तिथंच बसवा. तुमची लेक बी घरात एकलीच असती.”