मागं बांधलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर मी आणला, आणि तो बंद होता.

बंद आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. विकणाऱ्याने सांगितलं, सुनेने सांगितलं, आणि बटण दाबल्यावर खुद्द कॉम्प्युटरनेही आपल्या परीने सांगितलं!

माझी सून नंदा. लग्नाआधी तिने बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. नंतर दोन वर्षं आमच्या पिंपळीत तिच्या बोटांना शेणापलीकडे काही लागलं नाही. (ते माझ्यामुळे. लिहून टाकते.) अशात बारामतीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला बाई हवी असल्याचं कळलं. मुलाखत महिन्याने. विसरलेलं हाताला यायचं तर घरी कॉम्प्युटर हवा; नवा झेपणारा नव्हता. इंदापुरातल्या एका टायपिंग क्लासवाल्याकडे एक जुना विकायला होता.

"मी येणार," मी म्हणाले. चौथी पास असले म्हणून काय झालं? घरातली प्रत्येक म्हैस मी पारखून आणलेली!

क्लासवाले तात्या भला माणूस. पुढच्या टेबलावर एक कॉम्प्युटर पुसून चकचकीत ठेवलेला. बटण दाबताच हिरवी अक्षरं. नंदाचा चेहरा उजळला, माझा पडला. शिंगांना तेल लावून बाजारात उभं केलेलं जनावर घ्यायचं नसतं, हे मला कळत नाही होय? कोपऱ्यात पोत्याखाली दुसरा होता.

"त्यो दावा."

"मावशी, त्यो बंद हाय. भंगारात घालायचाय."

"व्हय व्हय! चांगलं जनावर मागंच बांधत्यात."

"आवो, मीच सांगतोय न्हवं, बंद हाय म्हणून!"

"बघ नंदे, इकायचा न्हाय म्हणून कसा धडपडतोय!"

नंदाने माझा पदर ओढला. "आत्या, पुढचा चालतोय. त्योच घेऊ."

मी पदर सोडवून घेतला आणि झाकण काढायला लावलं. तात्यांनी चार स्क्रू काढले. आत उंदरांनी संसार थाटलेला! कापूस, चिंध्या, ज्वारीचा भुसा. नंदाने नाकाला पदर लावला. मी खूश.

"उंदीर ऊब बघून बाळंत व्हतोय. म्हंजी ह्यो गरम व्हतोय. म्हंजी चालतोय!"

तात्यांनी दोन्ही हात जोडले. चोरी पकडली गेली म्हणून जोडले, असं मी समजले. (म्हैस घेताना मी दोन वेळचं दूध काढून बघते. इथं काय काढायचं ते कळेना, म्हणून तेवढं सोडलं.)

एसटीत तो मी मांडीवर घेऊन बसले. घरी शेजारपाजार जमला. नंदा म्हणाली, "आत्या, आधी साफ तरी करू द्या."

"लोक उभं ऱ्हायल्यात आन तू साफसफाई काढ!" म्हणत मीच बटण दाबलं.

फाट्! ठिणगी उडाली, केस जळल्यासारखा वास सुटला आणि घरातली वीज गेली. अंगणात सगळ्यांच्या आधी कोण पोहोचलं ते विचारू नका. शेजारचे आबा मात्र शांतपणे म्हणाले, "वयनी, लाथ मारती व्हय?"

नंदाने कंदील लावला आणि चुलीपुढे बसली. भांडी आपटली असती तर बरं झालं असतं. मलाही दोन शब्द बोलता आले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ओसरीवर चादर अंथरली आणि त्याचा एकेक भाग काढून मांडला. रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, आत खोचलेल्या पट्ट्यांची पिवळी टोकं खोडरबराने घासली, कुरतडलेल्या वायरी बदलल्या. तिला घड्याळाकडे बघायलासुद्धा सवड नव्हती, म्हणून शेणघाण आणि भाकरी मी माझ्याकडे घेतली. (मला कुणी सांगितलं नव्हतं.)

आतला विजेचा डबा तेवढा जळाला होता. त्यासाठी ती एकटीच इंदापूरला गेली. तात्यांनी जुन्या सामानातला शोधून फुकट दिला. "आनखी काय लागंल ते न्या," म्हणाले, "फकस्त मावशींना आनू नका."

त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही.

तो सुरू झाला तेव्हा घरात आम्ही दोघीच. काळ्या काचेवर हिरवा ठिपका लुकलुकला. नंदा रडली. मी नाही. मी अंगणात उभी होते. पुन्हा फाट् झालं तर?

मुलाखतीत शाळेतला कॉम्प्युटर ऐन वेळी बंद पडला. बाकीच्या बाया हात बांधून बसल्या. नंदाने झाकण उघडलं, एक पट्टी काढली, टोकं घासली, परत बसवली. चालू! नोकरी तिथल्या तिथे. कुठं शिकलात, असं विचारल्यावर म्हणाली, "सासूबाईंनी बंदच आणून दिला होता."

हे तिने खरं सांगितलं की मला वाचवलं, ते मी अजून विचारलेलं नाही. गावात मात्र माझं नाव झालं. "वयनीची पारख!" म्हणत लोक मला पंखे आणि टीव्ही बघायला नेऊ लागले. मी जाते. पोत्याखालचा मागते.

खरं सांगायचं तर घरची मंडळी नंदाला बघायला गेली त्या दिवशी मी हिवतापाने अंथरुणात होते. आमच्या घरात पहिल्या दिवसापासून चांगलं निघालेलं तेवढं एकच माणूस, आणि ते मला न विचारता पसंत केलेलं!