पाय तिच्या हातात होता

देऊळघाटहून चुलतभाऊ सायकल हाणत बुलढाण्याला माझ्या बिऱ्हाडी आला आणि उंबऱ्यातच थबकला. "वयनी गेली," एवढंच बोलला. तापाचं निमित्त झालं म्हणे. आता महिना होत आला, पण वहिनी माझ्या डोक्यातून हलत नाही... आणि डोळ्यांपुढे येते ती चुलीपुढची नाही, गोठ्यातली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या टांग्याच्या घोडीचं शिंगरू मोठं झालं आणि बाबांनी त्याला नाल ठोकायचं ठरवलं. आमच्या घराला नाल माहीत ते बैलाचे. बैलाला दोरानं पाडायचं, पाय बांधायचे, ठोकायचे. उठला की बैल विसरतो. शिंगराला तसंच पाडलं. ते विसरलं नाही. एकही नाल बसला नाही, आणि त्या दिवसापासून पायाजवळ कोणी फिरकलं की लाथ! दादाचं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचं, मनगट मोडलं. बाबा म्हणाले, "विकून टाकू बजारात."

"मामाजी, पोळ्यापर्यंत माह्या हवाली करा," वहिनी पदराआडून म्हणाली. सगळे हसले. मी चिडवलं, "शिंगराले गानं म्हनून दाखवता का?"

"हाव. तुमच्यापरीस बरं आयकते थे."

रोज चारा टाकला की ती त्याच्या मानेवर हात ठेवी. मग खांदा, मग गुडघा... त्यानं अंग चोरलं की हात तिथंच थांबे, ते शांत झालं की मगच निघे. "झटकल्यावर हात काढला, तं त्याले वाटते झटकल्यानंच सुटते," ती सांगे. पुढे खूर उचलू लागली, तेव्हा त्यानं ओढायच्या आत स्वतःच तो खाली ठेवी. माझा जीव टांगणीला लागे. पण श्रावण सरता सरता तिनं नुसतं "दे" म्हटलं की ते पाय देऊ लागलं. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटायचा.

नालबंद आला त्या दिवशी तिनं पाय हातात घेतला. शिंगरू शांत उभं होतं. आणि बाबांनी तिला न सांगता मागे उभ्या गड्यांना दोर टाकायची खूण केली... हेतू वाईट नव्हता. सुनेला लाथ बसली तर तिच्या माहेरी काय तोंड दाखवायचं, एवढीच भीती. दोर ओढला तेव्हा पाय अजून तिच्या हातातच होता. शिंगरू कोसळलं, मागचा पाय अंगाखाली मोडला. ते पुन्हा उठलं नाही.

बाबांना ती एका शब्दानं बोलली नाही. पण माझ्या लग्नात माझी बायको पाया पडायला वाकली, तर वहिनीनं झटकन पाय मागे घेतले. मांडवात कुजबुज झाली, काय हा तोरा! मी तणतणत गेलो. "काऊन वहिनी? थे रडून राह्यली ना तिकडं."

"भाऊजी, ज्यानं इस्वास ठेऊन पाय देल्ला, त्यालेच पाडलं म्या. माह्ये पाय कोनी धरू नये."

"तुम्ही नाही पाडलं, बाबांनी..."

"पाय माह्या हातात होता."

त्यानंतर दिवाळी असो की दसरा, तिनं कोणालाच पायांना हात लावू दिला नाही. हसत हसत सरकायची, पण सरकायचीच. मला त्याचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

निरोप आला त्या दिवशी मी आणि बायको देऊळघाटला पोचलो तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं, कपाळावर मळवट. बाया एकेक करून पाया पडत होत्या. माझी बायको वाकली, तिनं दोन्ही हात वहिनीच्या पायांवर ठेवले... आणि मी वेड्यासारखा वाट पाहत राहिलो, की आता ती पाय मागे घेईल.