कोबेत आपलं कोण?

एखादं गाव बघितल्याचं समाधान ओळखमामाला तिथल्या कुणाच्या तरी घरी पोहे खाल्ल्याशिवाय मिळत नसे. देऊळ, किल्ला, बाग वगैरे गोष्टी, त्याच्या मते, ज्यांची त्या गावात ओळख नाही अशा बिचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधलेल्या होत्या. हा माझा सख्खा मामा, मूळचा नामपूरचा. नाशिकला द्वारका चौकाजवळ त्याचं स्पेअरपार्टचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाईक आधी आपलं गाव सांगे, मग पार्ट मागे.

एकदा लग्नाला जाताना इगतपुरीला आमची गाडी बंद पडली. गॅरेजवाल्या शकीलभाईंना मामाने बिघाड सांगायच्या आधी गाव विचारलं. मालेगाव. मालेगावात कुठे, कुणाच्या शेजारी, असं करत शकीलभाईंचे चुलते आमच्या आजीला लुगडी विकायचे, इथपर्यंत चौकशी पोहोचली. "म्हणजे घरचेच की," मामा म्हणाला. मग चहा झाला, पुन्हा चहा झाला. बॉनेट उघडलं तेव्हा तिकडे लग्नाच्या पंगती उठल्या होत्या.

याचा खरा जाच मामीला. तिला समुद्र बघायचा होता. नाशिकहून मुंबई ती काय लांब. पण इतक्या खेपा होऊनही तिने समुद्र पाहिला नव्हता, डोंबिवली मात्र तिला पाठ होती. मी क्योटोला नोकरीला लागले आणि दोघांनी माझ्याकडे यायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं की मामीला दोन दिवस कोबेला न्यायचं. बंदर, बोटी आणि खिडकीतून समुद्र दिसणारं हॉटेल.

"मला नुसतं बसायचंय गं त्याच्यासमोर," मामी फोनवर म्हणाली. "कुणी चहा विचारायला नको."

मामाने बेत शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "कोबेत आपलं कोण?"

"कुणीच नाही, मामा. म्हणून तर."

"असं गाव नसतं," मामा म्हणाला.

आणि नव्हतंच. नामपूरच्या एका कांदा अडत्याच्या साडूचा मुलगा, हेमंत, कोबेत मोत्यांच्या व्यापारात निघाला. "म्हणजे घरचाच की. हॉटेलात कोण राहतं? ज्याचं गावात कोणी नाही तो." बुकिंग रद्द झालं. बातमी फुटली तशा कॉलनीतून "जाणारच आहात तर" म्हणत चिवड्याच्या आणि मसाल्याच्या पुड्या येऊ लागल्या, आणि त्यांना जागा करायला मामीचा स्वेटर बॅगेतून बाहेर निघाला.

हेमंतने आणि त्याच्या बायकोने आमचं खूप केलं, खोटं कशाला बोलू. पोहे केले, मिसळ केली, लग्नाचा अल्बम दाखवला. मग ज्यांच्यासाठी पुड्या दिल्या होत्या त्यांच्या घरी गेलो. तिथेही अल्बम होते. समुद्र दिसला तो परतीच्या गाडीतून, इमारतींच्या फटीत.

"ते निळं गेलं ते का?" मामीने विचारलं.

मामा तेव्हा पलीकडच्या जपानी आजोबांना चिवडा देऊन खुणांनी त्यांचं गाव विचारत होता. क्योटो येईपर्यंत मामी त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मामा गेला, झोपेतच. दारात इतकी माणसं जमली की एका रिक्षावाल्याने मला विचारलं, "कोण मोठा माणूस गेला, ताई?" शकीलभाई इगतपुरीहून आले. कोबेहून हेमंतचा फोन आला आणि तो बोलायच्या आधीच रडू लागला. मी आयुष्यभर मामाला हसले. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला. अजून वाटतो.

यंदा मामीला पुन्हा कोबेला नेलं. हेमंतला कळूही दिलं नाही. बंदरावरच्या बाकावर मामी बसली. समोर अथांग, निवांत समुद्र. कुणी चहा विचारला नाही. ती बराच वेळ बघत राहिली, डोळे पुसले, पुन्हा बघू लागली. शेवटी एकदा मामाच्या तावडीतून तिला सोडवलं म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

तेवढ्यात बाबागाडी ढकलत, फोनवर कुणाला तरी मराठीत झापत एक मुलगी समोरून गेली. मामी ताडकन उठली.

"कुठली गं तू?"

मुलगी दचकून थांबली. "सटाण्याची."

"सटाण्यात कुणाकडची?"

मी सरकून जागा करून दिली. मुलगी बसली, मामी तिच्याकडे वळली आणि समुद्र मामीच्या पाठीमागे गेला. माहेर, मावशी, मावशीचे दीर असं करत दोघी नामपूरच्या बाजारात पोहोचल्या. मग माझ्याकडे न बघता मामीने पर्समधून चिवड्याची पुडी काढली.

"म्हणजे घरचीच की," ती म्हणाली.