साइडकारमधलं माझं भाषण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटी हसलात तर मी उठून जाईन.

गेल्या हिवाळ्यात आम्ही धारवाडहून हिमाचलला गेलो. हॉटेल नाही हं. शेखरकाकांनी चंदीगडहून चाकांवरचं घर भाड्याने घेतलं होतं. आत पलंग, बेसिन, गॅसची शेगडी, सगळं. "यंदा वैनींना पूर्ण विश्रांती," असं ते निघण्याआधी आमच्या अख्ख्या मळमड्डी भागात सांगत फिरले होते.

काकांचा तारिहाळला गाड्यांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. त्यामुळे जगात ज्याला म्हणून चाक आहे, त्याचं ज्ञान आपल्याला आहे, अशी त्यांची समजूत. बर्फात गाडी लावली रे लावली, की ते दारात उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "बर्री, बर्री, चाय पीके जाइए" म्हणत आत ओढायचे. बिचाऱ्या हिमाचली माणसांना कानडीतलं 'या, या' कुठून कळणार? पण चहा कळायचा. काकांना इंजिनावर बोलायला माणूस लागे आणि माणूस धरून ठेवायला चहा.

आणि आई? बाहेर पांढरेशुभ्र डोंगर, आणि आई खिडकीकडे पाठ करून आलं किसतेय. हीच ती पूर्ण विश्रांती!

मला हे दिसत होतं. मला सगळं दिसतं, फक्त बोलता येत नाही. वर्गात माझी हजेरी पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही.

मग एके सकाळी काकांनी साइडकारची मोटरसायकल भाड्याने आणली. त्या दुकानातल्या सगळ्या गाड्या हिरव्या, सगळे कोट नारिंगी, सगळी हेल्मेटं काळी. "चल पुट्टी, बर्फ दाखवतो," काका म्हणाले. जसा काही त्यांनीच कारखान्यात बनवला होता.

मी साइडकारमध्ये कोंबून बसले. गुडघे हनुवटीला, हेल्मेटवर चाकाने उडवलेला बर्फ. तेव्हाच ठरवलं, आज बोलायचंच. काका पुढे बघणार, माझं तोंड हेल्मेटात. आईसाठी एवढं तरी करायला हवं.

वळणावर त्या दुकानातून निघालेल्या सगळ्या गाड्या फोटोसाठी थांबल्या. मी उतरून जरा पाय मोकळे केले, चष्मा पुसला, तो पुन्हा धुरकटला, तशीच येऊन बसले. गाडी सुटली. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"काका, तुम्हाला एवढा मोठेपणा मिरवायचाय ना, मग चहा तुम्ही करा. आईने अजून बर्फाला हातसुद्धा लावलेला नाही. आणि तुमचं ते इंजिनपुराण कोणी ऐकत नाही. लोक चहासाठी बसतात."

काका मान हलवत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाचं तरी निमूट ऐकून घेत होते. तिथेच संशय यायला हवा होता.

गाडी थांबली. हेल्मेट निघालं. आत पांढऱ्या दाढीचे एक अनोळखी आजोबा!

"तू कौन है, बेटा?" ते म्हणाले. त्यांची नात माझ्याच उंचीची, अशाच नारिंगी कोटातली. ती कुठे गेली?

माझे शब्द? सगळे मघाशीच खर्चून झाले होते. मी नुसता हात करून रस्ता दाखवत गेले आणि त्यांनी मला आमच्या चाकांवरच्या घरापाशी आणलं. मागून जीपमधून त्यांचं अख्खं कुटुंब. काका नुकतेच पोचले होते आणि स्वतःच्या साइडकारमधल्या त्या नातीला अजून गिअर समजावत होते. तिने हेल्मेट काढलं, तेव्हा कुठे ते थांबले.

नात मिळाली. आजोबा हात जोडून निघाले. आमच्या घरी लहानपणापासून एक वळण लावलेलं आहे: दारापर्यंत आलेल्याला तसंच पाठवायचं नाही. माझी जीभ त्या दिवसात दुसऱ्यांदा सुटली.

"चाय पीके जाइए," मी म्हणाले. खणखणीत आवाजात. जीपपर्यंत पोचेल इतक्या.

ते सगळे उतरले.

आई तेवढ्यात हात पुसत पहिल्यांदाच बर्फात उतरत होती. तिचा पाय पायरीवरच थांबला. तिने जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता तूसुद्धा?" एवढंच म्हणून ती आत वळली.

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा वैनी, पोरगी अगदी माझ्यावर गेलीय."