मनगट मोडल्यावर बसवलेलं पॉवर स्टेअरिंग

धड, धड, धड. वडिलांनी पहिल्यांदा ट्रॅक्टर अंगणात आणला तेव्हाचा तो ठेका अजून कानात आहे. शाळेत पाठ केलेल्या कविता मी त्याच ठेक्यावर म्हणत नांगरायचो.

मित्रांनो, आज त्या जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग बसवलं. भिंगारच्या मिस्त्रीनं पंप आणि तेलाचे पाइप जोडले. "काका, फिरवा आता करंगळीनं! हे लई आधी करायला पायजे हुतं."

खरंच करंगळीनं फिरलं. मला तिथंच रडू आलं.

माझा मुलगा कितीतरी वर्षं हेच मागत होता. मी म्हणायचो, "आमी काय मेलो का फिरवून? जुन्या यंत्राची अब्रू घालवू नको." दोन वर्षांपूर्वी तो नांगरत असताना पुढचं चाक दगडावर आदळलं, स्टेअरिंग गर्रकन उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं. ती मूठ आजही मिटत नाही. तो नगरला रखवालदारी करतो. माझ्याशी बोलत नाही.

दुपारी त्याला ट्रॅक्टरचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "आता एका हातानं चालतोय. घरी ये." त्यानं पाहिला.

वस्तूच्या मायेपायी तुम्ही कधी घरच्या माणसाला असं मोडलंय का?

एवढं लिहिलं आणि कडी वाजली. दारात सून उभी होती, एकटीच.

"मामा, ते यायचे न्हाईत. त्या ट्रॅक्टरचं नाव बी काढू नको म्हनले." तिनं पिशवी खाली ठेवली. "मला शिकवा चालवायला."